सहीपुरता मंत्री

मुंबईच्या मंत्रालयात ‘अंडर सेक्रेटरी’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो अवर सचिव. कक्ष अधिकाऱ्याच्या वर आणि उपसचिवाच्या खाली, फायलींच्या चढणीवरचा मधला मुक्काम. लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये याच नावाचा माणूस चक्क मंत्री असतो. ‘पार्लमेंटरी अंडर-सेक्रेटरी ऑफ स्टेट’ हे त्याचं पूर्ण बिरुद. तो संसदेचा सदस्य असतो, पंतप्रधान त्याला निवडतात, सभागृहात तो सरकारच्या वतीने उत्तरं देतो आणि रात्री घरी जाताना कागदांनी भरलेली लाल पेटी त्याच्यासोबत जाते. तरी त्याच्या हुद्द्याच्या नावातून ‘हाताखालचा’ हा शब्द काही गेलेला नाही. ब्रिटिश मंत्रिपदांची उतरंड तीन मडक्यांची. वर सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे आपल्या भाषेत कॅबिनेट मंत्री. मध्ये मिनिस्टर ऑफ स्टेट. आणि तळाला हा. खासदारकीच्या पगारावर त्याला वर्षाला साधारण २२ हजार पौंड जास्तीचे मिळतात, कॅबिनेट मंत्र्याला ६७ हजारांच्या वर. पगारी मंत्रिपदं एकूण १०९ पेक्षा जास्त असू नयेत आणि कॉमन्स सभागृहात ९५ पेक्षा जास्त मंत्री बसू नयेत, असे दोन कायदे १९७५ मध्ये झाले. या शंभरेक माणसांतल्या बहुतेकांची नावं त्यांच्या मतदारसंघाबाहेर कुणाला ठाऊक नसतात. पण दुकानातल्या नोकराला वर्षाला किती दिवस भरपगारी रजा मिळेल, गरोदर बाईची नोकरी टिकेल की जाईल, गावातलं पोस्ट चालू राहील की बंद पडेल, हे प्रश्न पहिल्यांदा याच अनोळखी माणसांच्या टेबलावर येतात.

हे टेबल ज्या खात्यात आहे त्याचा वंशवृक्ष मोठा गमतीचा आहे. मूळपुरुष म्हणजे १६९६ मध्ये तिसऱ्या विल्यमने स्थापलेलं ‘बोर्ड ऑफ ट्रेड’. विन्स्टन चर्चिल १९०८ ते १९१० या काळात त्याचे अध्यक्ष होते आणि बेकारांना काम मिळवून देणारी पहिली सरकारी ‘लेबर एक्स्चेंजेस’ त्यांच्याच कारकिर्दीत, १९१० च्या फेब्रुवारीत उघडली. पुढे कामगारांसाठी वेगळं मंत्रालय झालं आणि ते वेगवेगळ्या नावांनी १९९५ पर्यंत टिकलं. त्या वर्षी ते मोडलं आणि नोकरीतल्या हक्कांचा भाग व्यापार-उद्योग खात्याला चिकटवण्यात आला. तेव्हापासून मालकाचं हित जपणारं खातं आणि कामगाराच्या हक्काचं खातं एकच. त्याची नावंही सारखी बदलत राहिली. २००७ मध्ये एक, २००९ मध्ये दुसरं, २०१६ मध्ये तिसरं, २०२३ मध्ये चौथं. २००५ च्या मे महिन्यात तर एक नवं नाव जाहीर झालं आणि आद्याक्षरांवरून इतकी थट्टा झाली की आठवडाभरात ते गुंडाळावं लागलं. पाट्या रंगवणाऱ्याची चांदी झाली असेल. मात्र पाटी बदलली तरी आतली एक वाटणी बदलली नाही. व्यापारी करार, मोठी गुंतवणूक, पोलाद आणि मोटारींचे कारखाने कॅबिनेट मंत्र्याकडे. कामाचे तास, रजा, अन्यायाने काढून टाकलेल्या कामगाराची दाद, ग्राहकाच्या तक्रारी आणि टपाल तळाच्या मंत्र्याकडे. कित्येक वर्षं या शेवटच्या टेबलावरची पाटीच ‘कामगार-संबंध, ग्राहक आणि टपाल’ अशी होती.

या लेखाचा मुद्दा त्या टेबलाबद्दल आहे. कनिष्ठ मंत्र्याला अधिकार नसतात ही तक्रार जुनी आहे, लंडनमध्येही आणि मुंबईतही, आणि ती खोटी नाही. पण खरं दुखणं मला दुसरीकडे दिसतं. सामान्य माणसाच्या आयुष्याला थेट भिडणारे विषय सर्वांत खालच्या पायरीवर ठेवायचे, त्या पायरीवरच्या माणसाला विषयाची खरी माहिती बेताचीच द्यायची आणि त्याला फायलीवर संशय घेण्याइतकी समज येते न येते तोच उचलून दुसरीकडे न्यायचं, ही त्या व्यवस्थेची रीत आहे. अधिकाराची उणीव एक वेळ चालेल. ठाण आणि माहिती यांच्याशिवाय नुसती सही धोक्याची असते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे, किंबहुना निर्दय आहे. ब्रिटनच्या कायद्यांत अधिकार दिलेला असतो तो ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ला. कनिष्ठ मंत्र्याचा उल्लेखही नसतो. दुसऱ्या महायुद्धात सरकारने एका खाद्यपदार्थ कंपनीचा कारखाना ताब्यात घेतला, आदेशावर सही अधिकाऱ्याची होती, कंपनी कोर्टात गेली आणि १९४३ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की मंत्र्याच्या नावाने अधिकाऱ्याने घेतलेला निर्णय हा मंत्र्याचाच निर्णय. ‘कार्लटोना’ खटला म्हणून तो प्रशासनाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. आता या नियमात तळाच्या मंत्र्याची जागा कुठे ते पाहा. वर ज्याच्या नावाने कायदा चालतो तो कॅबिनेट मंत्री, खाली ज्याच्या हाताने कागद तयार होतो तो अधिकारी, आणि मध्ये हा. कॅबिनेट मंत्र्याला स्वतःचे राजकीय सल्लागार नेमता येतात. याच्या दिमतीला असतात ते खात्यानेच दिलेले मोजके कर्मचारी. म्हणजे फाइल लिहिणारे खात्याचे आणि ती त्याला समजावून सांगणारेही खात्याचेच. जेरल्ड कॉफमन १९७५ ते १९७९ मध्ये याच प्रकारच्या खात्यात, उद्योग विभागात कनिष्ठ मंत्री होते. १९८० मध्ये त्यांनी मंत्री कसं व्हावं यावर एक खुसखुशीत पुस्तक लिहिलं आणि खात्याच्या नजरेनेच जग पाहू लागण्याच्या आजाराला ‘डिपार्टमेंटलायटिस’ असं नाव दिलं. हसून सोडून देण्याजोगा शब्द आहे. पण या आजाराने माणसं तुरुंगात गेली, ते पुढे येईलच.

त्याआधी १९८३ च्या जुलैमधली एक रात्र. रोजगार खात्यात नव्यानेच कनिष्ठ मंत्री झालेले ॲलन क्लार्क सभागृहात समान वेतनाच्या नियमांचा मसुदा मांडायला उभे राहिले. ते वाइन चाखण्याच्या एका मैफलीतून थेट आले होते. पुढे प्रसिद्ध झालेल्या डायऱ्यांत त्यांनीच ते लिहून ठेवलं आहे. अधिकाऱ्यांनी लिहून दिलेला किचकट मजकूर ते भरधाव वाचत सुटले. त्यातलं त्यांना काही समजतही नव्हतं आणि पटतही नव्हतं, आणि दोन्ही गोष्टी लपल्या नाहीत. त्याच वर्षी निवडून आलेल्या क्लेअर शॉर्ट उठल्या. सभागृहात दुसऱ्या सदस्याला ‘प्यायलेला’ म्हणता येत नाही, म्हणून त्यांनी तेच आडवळणाने सुचवलं आणि गदारोळ झाला. ब्रिटिश राजकारणातला एक रंगतदार किस्सा म्हणून हा प्रसंग चाळीस वर्षं सांगितला जातोय. त्या मसुद्यात काय होतं, हे मात्र सांगणारे कमी. आधीच्या वर्षी युरोपीय न्यायालयाने ब्रिटनला दोषी ठरवलं होतं. बाईचं काम पुरुषाच्या कामासारखंच नसलं पण तितक्याच मोलाचं असलं, तर पगारही तितकाच हवा, हे ब्रिटिश कायद्यात नव्हतं. ते त्या रात्रीच्या नियमांनी आलं. १९८४ च्या पहिल्या दिवसापासून ते लागू झाले आणि बर्कनहेडच्या जहाजबांधणी कारखान्यातल्या एका स्वयंपाकिणीने त्यांच्या आधारे दावा लावला की माझं काम इथल्या रंगाऱ्याइतक्याच, सुताराइतक्याच मोलाचं आहे. १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तिचं म्हणणं मान्य केलं. हजारो बायकांच्या पगाराचा पाया असलेला हा मजकूर सभागृहात नेण्यासाठी खात्याला जो माणूस मोकळा सापडला, तो त्या विषयाची खिल्ली उडवणारा निघाला. विषय मोलाचा होता, पण खात्याच्या हिशेबात तो तळाच्या पायरीचा होता, एवढीच त्यामागची गोष्ट.

त्या रात्री निदान कायदा तरी मंजूर झाला. तळाच्या टेबलाची खरी किंमत ब्रिटनने मोजली ती टपालाच्या बाबतीत. १९९९ पासून तिथल्या पोस्टांत ‘होरायझन’ नावाची संगणक-प्रणाली बसवली गेली. ब्रिटनमधलं छोटं पोस्ट म्हणजे बहुधा किराणा किंवा वर्तमानपत्रांच्या दुकानातला एक काउंटर. तो चालवणारा सब-पोस्टमास्तर सरकारी नोकर नसतो, कंत्राटावर असतो. प्रणाली रोकड कमी दाखवू लागली, की कराराप्रमाणे तूट त्याने खिशातून भरायची. भरली नाही तर चोरीचा किंवा खोट्या हिशेबाचा खटला. आणि हे खटले बहुतांशी पोलिसांनी किंवा सरकारी वकिलांनी नव्हे, तर पोस्ट ऑफिसनेच खासगी फिर्यादी म्हणून भरले. एकूण ९०० हून अधिक माणसांना शिक्षा झाल्या, त्यांतल्या ७०० च्या आसपास पोस्ट ऑफिसच्या स्वतःच्या खटल्यांत. दक्षिण आशियाई वंशाचे दुकानदार त्यांत बरेच होते. घरं गेली, दिवाळखोऱ्या झाल्या, गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही. सर विन विल्यम्स यांच्या चौकशी आयोगाने २०२५ च्या जुलैमध्ये पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हा किमान १३ आत्महत्यांचा संबंध या प्रकरणाशी असू शकतो असं नोंदवलं. आणि पोस्ट ऑफिसचा मालक कोण? सरकार. सरकारच्या वतीने ते पाहणारा कोण? उद्योग खात्यातला तळाचा, क्वचित मधल्या पायरीवरचा मंत्री.

१९९९ ते २०२४ या काळात या टेबलावर डझनाहून जास्त माणसं बसून उठली. पॅट मॅकफॅडन २००७ मध्ये आले. २००९ च्या मे महिन्यात ‘कॉम्प्युटर वीकली’ या नियतकालिकाने सब-पोस्टमास्तरांच्या कहाण्या छापल्या, तेव्हा खासदारांची पत्रं त्यांच्याकडे आली. उत्तर गेलं की हा पोस्ट ऑफिसच्या दैनंदिन कारभाराचा प्रश्न आहे. २०१० च्या मे महिन्यात सरकार बदललं आणि एड डेव्ही आले. लँडिड्नो इथलं पोस्ट गमावलेल्या ॲलन बेट्स यांनी तोवर पीडितांची संघटना बांधली होती. नव्या मंत्र्याला त्यांनी लगेच पत्र लिहिलं. महिना संपायच्या आत उत्तर आलं: भेटीतून काही उपयुक्त साधेल असं वाटत नाही. मसुदा अधिकाऱ्यांचा, सही डेव्हींची. बेट्स यांनी पुन्हा, या वेळी खरमरीत लिहिलं तेव्हा ऑक्टोबरमध्ये भेट झाली, आणि न्यायाने सांगायचं तर त्यांना भेटणारे डेव्ही हे पहिलेच मंत्री. पण त्याच महिन्यांत डेव्हींच्या टेबलावर आणखी काय होतं? रॉयल मेलच्या खासगीकरणाचा रस्ता मोकळा करणारं विधेयक, ६५ व्या वर्षी सक्तीने निवृत्त करण्याची पद्धत मोडीत काढणं, एजन्सीमार्फत आलेल्या कामगारांचे नवे नियम. २०१२ च्या फेब्रुवारीत ते कॅबिनेटमध्ये गेले. त्यांच्या जागी आलेले नॉर्मन लॅम्ब सप्टेंबरमध्ये आरोग्य खात्यात गेले. सात महिने! एवढ्यात टेबलाचे कप्पे कुठे काय आहेत हेही नीट कळत नाही.

इथे एक वाजवी आक्षेप येतो. मंत्री बदलतात, पण अधिकारी टिकतात. सातत्य राखण्यासाठीच तर कायम नोकरशाही असते. मग मंत्री वर्षाने बदलला काय किंवा सात महिन्यांनी, काय बिघडतं? होरायझन प्रकरणाने याचं उत्तर फार महागात दिलं. सातत्य होतंच, ते चुकीचं सातत्य होतं. प्रत्येक नव्या मंत्र्यासमोर तीच टिपणी, तोच ठरलेला मजकूर: प्रणाली भक्कम आहे, पद्धतशीर दोष नाही, पोस्ट ऑफिस ही हातभर अंतरावरची स्वतंत्र कंपनी आहे. जुन्या मंत्र्याला चौथ्या पत्रानंतर जी शंका चाटून गेली असेल, ती त्याच्याबरोबर निघून जायची, कारण मंत्री मंत्र्याला कारभार सोपवत नाही. कारभार सोपवतात ते अधिकारी. म्हणजे विश्वास साचत गेला आणि संशय दर वेळी शून्यापासून सुरू झाला. पंधरा मंत्री क्रमाने एकच उत्तर देतात तेव्हा तो पंधरा जणांचा निष्कर्ष नसतो, एकाच मसुद्याच्या पंधरा प्रती असतात.

दुसरा आक्षेप माझ्या मुद्द्याच्या मुळावर येणारा आहे, म्हणून तो टाळून चालणार नाही. जो स्विन्सन या टेबलावर २०१२ च्या सप्टेंबरपासून २०१५ च्या मेपर्यंत होत्या. मधले काही महिने त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि जेनी विलॉट यांनी काम सांभाळलं, एवढाच खंड. या पदाच्या मानाने ही दीर्घ कारकीर्द. तरी सत्य त्यांना सापडलं नाही. मग मुदतीचं महत्त्व ते काय उरलं? इथे तारखा बोलक्या आहेत. २०१३ च्या जुलैमध्ये ‘सेकंड साइट’ या तपासनिसांचा अंतरिम अहवाल आला. त्यात व्यापक दोष आढळला नाही असं म्हटलं होतं, पण ठिकठिकाणच्या त्रुटीही नोंदवल्या होत्या. स्विन्सन यांनी दुसऱ्याच दिवशी सभागृहात निवेदन केलं. त्यानंतर आठवडाभरात पोस्ट ऑफिसच्या एका वकिलाने लेखी सल्ला दिला की खटल्यांत साक्ष देणारा संगणक कंपनीचा तज्ज्ञच विश्वासार्ह राहिलेला नाही. हा कागद मंत्र्यापर्यंत आला असता तर चित्र बदललं असतं. तो आला नाही, असं स्विन्सन यांनी आयोगापुढे सांगितलं. मंत्री आणि पोस्ट ऑफिस यांच्यामध्ये खात्यातलाच एक विभाग बसला होता, सरकारी मालकीच्या कंपन्यांमधलं भागभांडवल सांभाळणारा. बातमी त्याच्या चाळणीतून गाळून यायची. तेव्हा स्विन्सन यांचं उदाहरण मुदत निरुपयोगी आहे हे दाखवत नाही. माहितीशिवाय ती अपुरी आहे, एवढंच दाखवतं.

त्यानंतर आलेल्या बॅरोनेस नेव्हिल-रोल्फ याची दुसरी बाजू दाखवतात. त्या आधी स्वतः सनदी अधिकारी होत्या, नंतर टेस्को या साखळी दुकानांच्या बड्या कंपनीच्या संचालक. टिपणी कशी लिहितात हे त्यांना ठाऊक होतं आणि कंपनी स्वतःचा बचाव कुठल्या भाषेत करते हेही. २०१५ मध्ये खासदारांनी त्यांच्यापुढे गाऱ्हाणी मांडली तेव्हा त्यांनी खात्याच्या उत्तरावर समाधान मानलं नाही. पोस्ट ऑफिसच्या नव्या अध्यक्षाला सगळं प्रकरण कोऱ्या नजरेने तपासायला सांगितलं. तपासणी झाली, २०१६ च्या आरंभी अहवालही तयार झाला. मंत्र्याला मिळालं ते एक पत्र. मूळ अहवाल वकिलांच्या सल्ल्याने त्यांना दाखवलाच नाही. त्या वर्षी जूनमध्ये पुढचं काम थांबवलं गेलं आणि जुलैमध्ये, ब्रेक्झिटच्या सार्वमतानंतर नवे पंतप्रधान आल्यावर, बाईंचंही टेबल बदललं. संशय घेणारी मंत्री मिळाली तर कागद मिळत नाही, कागद तयार होतो तर मंत्री जागेवर नसते. पुढची साडेतीन वर्षं ५५५ सब-पोस्टमास्तर खटल्याला भांडवल पुरवणाऱ्यांच्या पैशाने उच्च न्यायालयात लढले आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी प्रणालीत दोष असल्याचा निकाल दिला. तडजोडीत मिळालेल्या पावणेसहा कोटी पौंडांतला मोठा हिस्सा खटल्याच्या खर्चातच गेला. २०२४ च्या जानेवारीत ‘आयटीव्ही’वर या प्रकरणावरची मालिका दाखवली गेली, देश खवळला आणि मे महिन्यात एका कायद्याने शेकडो शिक्षा एकदम रद्द झाल्या. जे पंचवीस वर्षांत डझनभर मंत्र्यांना जमलं नाही ते चार भागांच्या मालिकेने केलं, असं म्हणायचा मोह होतो. अर्धसत्य आहे ते. तेव्हा टेबलावर असलेले केव्हिन हॉलिनरेक मंत्री होण्याआधी स्वतः व्यावसायिक होते, बँकांनी नाडलेल्या छोट्या उद्योजकांची बाजू खासदार म्हणून लढवून आलेले होते आणि सव्वा वर्ष त्या जागी टिकले होते. त्यांच्या आधी, २०२२ च्या जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत, त्या टेबलाने तीनदा मालक बदलला होता.

फिर्याद करणं हा न्यायालयीन विषय आहे, त्यात मंत्र्याने ढवळाढवळ करू नये, असंही म्हटलं जातं. बरोबर आहे. कुणाला सोडा, कुणाला धरा हे मंत्र्याने सांगू नयेच. पण मालकाने आपल्या कंपनीला ‘इतके चोर अचानक कुठून आले?’ एवढं विचारणं ही ढवळाढवळ नव्हे. वर्षानुवर्षं आपली दुकानं नेकीने चालवणारी माणसं एका संगणकाच्या आगमनानंतर शेकड्याने चोर ठरतात, हा आकडा एकत्र मांडून पाहण्यासाठी कुठल्याच कायद्याची आडकाठी नव्हती. ‘हातभर अंतर’ हे तत्त्व हस्तक्षेप टाळण्यासाठी होतं, ते चौकशी टाळण्यासाठी वापरलं गेलं.

तर मग ही तळाची पायरीच काढून टाकावी का? मंत्री कमी करा, हा उपाय दर निवडणुकीनंतर कुणीतरी सुचवतंच. मला तो पटत नाही. २००८ ते २०१० मध्ये उद्योगमंत्री पीटर मँडेलसन लॉर्ड्समध्ये होते. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात त्या खात्याची उत्तरं देण्याचं काम कनिष्ठ मंत्र्यांनीच केलं. कनिष्ठपद ही उमेदवारी आहे, उद्याचे कॅबिनेट मंत्री इथेच घडतात, हेही खरं. चर्चिल बोर्ड ऑफ ट्रेडवर येण्याआधी वसाहत खात्यात असेच ‘अंडर-सेक्रेटरी’ होते आणि त्यांचे वरिष्ठ होते लॉर्ड एल्गिन, हो, तेच, १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगच्या वेळी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले. पण उमेदवारी म्हणजे काम शिकणं; आणि शिकणारा वर्षभरात वर्ग बदलत राहिला तर तो शिकतो फक्त वर्ग बदलायला. शिवाय ही उमेदवारी कुणाच्या जिवावर चालते, हाही प्रश्न आहेच.

काम कसं होऊ शकतं याचा दाखला याच खात्यात आहे. १९९७ च्या मे महिन्यात लेबर पक्षाचं सरकार आलं तेव्हा किमान वेतनाचा कायदा आणण्याची जबाबदारी मधल्या पायरीवरच्या इयन मॅककार्टनी यांच्याकडे आली. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेला, कामगार चळवळीतून वर आलेला माणूस. दोन वर्षांत त्यांच्या डोक्यावरचे कॅबिनेट मंत्री तीन झाले: मार्गारेट बेकेट, मँडेलसन, स्टीफन बायर्स. मॅककार्टनी जागेवर राहिले. १९९८ मध्ये कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल १९९९ पासून ताशी ३ पौंड ६० पेन्स हे देशातलं पहिलं सार्वत्रिक किमान वेतन लागू झालं. बेकारी वाढेल, धंदे बुडतील अशी भाकितं झाली होती. पुढे ज्या हुजूर पक्षाने विरोध केला होता त्यानेच हे वेतन वाढवण्याचं श्रेय मागितलं. स्विन्सन यांच्या खात्यावरही अशी एक जमा आहे. आईच्या बाळंतपणाच्या रजेतले ५० आठवडे आईबापांनी वाटून घ्यावेत ही तरतूद त्यांनी तडीस नेली, २०१५ च्या एप्रिलपासून ती लागू झाली. त्या रजेचा लाभ घेणारे बाप फार थोडे निघाले, हा वेगळा विषय. ही दोन्ही कामं ज्या विषयांवर झाली तिथे मंत्र्याला विषय आतून माहीत होता, फाइल त्याची स्वतःची होती आणि वेळ मिळाला होता. टपालाच्या बाबतीत यांतलं बहुधा काहीच एका वेळी जुळून आलं नाही.

आपल्याकडची राज्यमंत्रिपदाची चौकट याच घराण्यातली आहे, म्हणून हे सगळं परक्याचं म्हणून वाचण्याचं कारण नाही. ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर आणली, महाराष्ट्रात ती मर्यादा ४३ होते. १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात शपथ घेतलेल्या ३९ जणांत राज्यमंत्री अवघे सहा, आणि एकेकाकडे अनेक खाती. अधिकार किती, तर कॅबिनेट मंत्री वाटून देईल तितके. २०२५ च्या जुलैमध्ये सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी आपल्याच खात्याच्या राज्यमंत्री माधुरी मिसाळ यांना पत्र लिहून परस्पर आढावा बैठका घेण्यास हरकत घेतली आणि बैठक घ्यायला परवानगी लागत नाही असं मिसाळ यांनी उलट कळवलं. वर्तमानपत्रांनी त्याकडे दोन पक्षांतली कुरबुर म्हणून पाहिलं. माझ्या मते तो बैठकीचा प्रश्नच या पदाचा गाभा आहे. राज्यमंत्र्याने अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारायचं की नाही? विचारायचं नसेल तर त्याच्या सहीला अर्थ काय? सेवाज्येष्ठतेचा, पक्षांच्या वाटणीचा हिशेब एक वेळ राहू द्या. ज्याच्या नावाने विधिमंडळात उत्तर जातं त्याला त्या उत्तरामागचा मूळ कागद पाहण्याचा हक्क असलाच पाहिजे, आणि पद सोडताना आपल्या जागी येणाऱ्याला समोरासमोर सांगण्याची रीत असली पाहिजे की या फायलीवर माझा विश्वास बसला नव्हता. याला घटनादुरुस्ती लागत नाही. शासनाचा एक आदेश पुरतो.

लंडनने होरायझनमधून किती धडा घेतला याची परीक्षा लगेचच झाली. २०२४ च्या जुलैमध्ये आलेल्या लेबर सरकारने कामगार-हक्कांचं मोठं विधेयक ऑक्टोबरमध्ये मांडलं. टेबलावर होते जस्टिन मॅडर्स, खासदार होण्याआधी कामगार कायद्याचे वकील, विरोधी पक्षात असतानाही हाच विषय सांभाळलेले. खात्याने लिहून दिलेली ओळ वाचून दाखवण्याची गरज नसलेला मंत्री कधी नव्हे तो या जागी आला होता. कॉमन्समध्ये कलमा-कलमांवर त्यांनीच विधेयक लढवलं. विधेयक अजून मंजूर व्हायचं असतानाच, सप्टेंबर २०२५ च्या फेरबदलात, पंतप्रधानांनी त्यांना काढलं. त्यांच्या जागी आलेल्या केट डिअर्डन ट्रेड युनियनमध्ये काम केलेल्या होत्या, नवख्या म्हणता येणार नाहीत; पण विधेयकाचा शेवटचा आणि सर्वांत अवघड घाट त्यांना येताक्षणी चढावा लागला. नोव्हेंबरमध्ये सरकारने तडजोड केली: अन्यायाने काढून टाकल्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क कामाच्या पहिल्या दिवसापासून देण्याचं निवडणुकीतलं वचन मागे घेतलं आणि सहा महिन्यांची अट ठेवली. मॅडर्स यांनी त्यावर उघड टीका केली. १८ डिसेंबर २०२५ रोजी विधेयकावर राजाची मोहोर उमटली तेव्हा ते सरकारी मागच्या बाकावर होते.